शमलं म्हणजे संपलं का?

प्रश्न : ताई, मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सध्या हाती असलेल्या एका जाडजूड अहवालात ‘मिटिगेशन’, म्हणजे ढोबळमानाने हानी किंवा तीव्रता कमी करणे, हा शब्द पानोपानी आला आहे. त्यात एक प्रकरण पुराचे आहे, एक हवामानबदलाचे, मध्येच एका न्यायालयीन निकालाचा उतारा आहे आणि शेवटी कंत्राटाची कलमे आहेत. आम्ही तिघे मिळून काम करतो. एकाने सगळीकडे ‘निवारण’ लिहिले, दुसरीने ‘सौम्यीकरण’, मी ‘शमन’. संपादक म्हणतात, तिघे बसून एकच शब्द ठरवा आणि तोच सगळीकडे घाला. कोणता ठरवू?

उत्तर : एकही ठरवू नका. संपादकांना माझं नाव सांगा आणि म्हणावं, बाईंनी चहाटळपणा केलेला नाही, त्या या शब्दाच्या पायी एकदा तीन दिवस खळ लावत बसल्या होत्या.

ती हकीकत आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. मी अनुवादाच्या कामाला नवी होते. एका विमा कंपनीची अटींची पुस्तिका माझ्याकडे आली. त्यात एक कलम होतं : घटना घडल्यावर विमाधारकाने नुकसान ‘मिटिगेट’ करण्यासाठी वाजवी ते सर्व करावं. मी ऐटीत लिहिलं, ‘घटना घडल्यानंतर विमाधारकाने नुकसानीचे तत्काळ निवारण करावे.’ वाक्य कसं घोटीव झालंय, असं मला वाटलं. कंपनीतल्या साहेबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी सही केली. पुस्तिका छापायला गेली. फर्मे छापून झाल्यावर छापखान्यातले म्हातारे कंपोझिटर माझ्याकडे आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बाई, निवारण केलं तर मग दावा कशाचा लावायचा?”

मला आधी राग आला. मग घाम फुटला.

त्यांचं बरोबर होतं. समजा गोदामातला पाण्याचा पाइप फुटला. कंपनीची अपेक्षा काय? माणसानं मुख्य चावी बंद करावी, कोरडा आहे तो माल उंचावर हलवावा. माझं वाक्य मात्र सांगत होतं की भिजलेला माल टाकून द्या, फरशी पुसा, भिंत रंगवा, सगळं पूर्वीसारखं करा. एवढं ज्यानं केलं त्याच्याकडे पाहणीला येणारा सर्व्हेअर बघणार काय? ज्याने माझं मराठी प्रामाणिकपणे पाळलं असतं त्याचाच दावा अडचणीत आला असता. मग आम्ही चौघं जण तीन दिवस छापलेल्या पानांवर खळीने चिठ्ठ्या चिकटवत बसलो. चिठ्ठीवरचं वाक्य असं होतं : ‘नुकसान आणखी वाढू नये म्हणून विमाधारकाने शक्य ती खबरदारी घ्यावी.’ हे वाक्य माझं नाही, त्या कंपोझिटरांचं आहे. इतक्या वर्षांत मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

आता ‘निवारण’ का चुकलं ते बघा. ‘वारणे’ म्हणजे हाकलणे, दूर लोटणे. आपण माश्या वारतो, त्यातलं वारणं. शंकानिवारण झालं की शंका उरत नाही, निदान उरू नये. तक्रार निवारण कक्षातून परतलेल्या माणसाची तक्रार शिल्लक असेल तर निवारण झालं नाही, असंच आपण म्हणतो. म्हणजे या शब्दाचा हिशेब शून्यावर येऊन थांबतो. ‘मिटिगेशन’चा हिशेब शून्यावर येत नाही. तिथे हानी होणारच आहे, किंवा झालेलीच आहे. ती किती व्हावी, एवढाच मुद्दा असतो. तुमच्या सहकाऱ्याने पुराच्या प्रकरणात ‘पूरनिवारण’ लिहिलं असेल, तर त्याने वाचकाला एक वचन देऊन टाकलंय, जे मूळ लेखकाने कुठेही दिलेलं नाही.

तुमचं ‘शमन’ त्या मानाने पुष्कळ जवळचं आहे. संस्कृतातला धातू ‘शम्’, म्हणजे शांत होणे. शांत, शांती, उपशम, प्रशमन ही सगळी त्याचीच पोरं. मराठीत आपण तहान शमवतो, भूक शमवतो. आणि शमवलेली तहान काही तासांनी पुन्हा लागते, याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. हा शब्द मुळातच थोडा नम्र आहे. समोरचं संकट मुळासकट उपटल्याचा दावा तो करत नाही.

आयुर्वेदवाल्यांनी तर हा फरक फार पूर्वीच नीट आखून ठेवलाय. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त औषधाचे थोडक्यात दोनच प्रकार सांगितले आहेत : शोधन आणि शमन. शोधन म्हणजे बिघडलेला दोष शरीराबाहेर काढून टाकणं. शमन म्हणजे बाहेर काही न काढता, बिघडलेल्याला समेवर आणणं, आणि जे ठीक चाललंय त्याला न डिवचणं. ही शेवटची अट मला फार आवडते. शमनाचे सात प्रकार तिथे दिलेत, त्यांत पाचन आणि दीपन तर आहेतच, पण भूक, तहान, व्यायाम, ऊन आणि वाराही आहेत. म्हणजे उपाशी राहणं हेही शमन. आपल्याला तहान ‘शमवणं’ ठाऊक, त्यांच्याकडे तहानच शमवते!

एक शंका तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच घेते. अग्निशमन दल आग नुसती कमी करून परत जातं का? नाही, विझवूनच जातं. तेव्हा शमन म्हणजे फक्त ‘कमी करणं’ असं घट्ट बांधून ठेवता येत नाही, हे मान्य. तरी आगीच्या बातमीतला क्रम पाहा. आधी ‘आग आटोक्यात आली’, मग ‘आग विझली’, आणि त्यानंतरही कितीतरी वेळ थंड करण्याचं काम सुरू असतं, कारण आतला निखारा पुन्हा पेटू शकतो. ज्वाळा शांत झाल्या म्हणून जवान पाइप गुंडाळत नाहीत.

‘सौम्यीकरण’. या शब्दाशी माझं बरीच वर्षं वाकडं होतं. उच्चारताना जीभ अडखळते, आणि ‘करण’ लावून शब्द पाडायच्या सरकारी खोडीचा तो नमुना आहे असं मी जाहीरपणे म्हणत असे. एकदा लॅटिन कोश उघडला आणि जरा ओशाळले. ‘मिटिगेट’चं मूळ ‘मिटिस’, म्हणजे मऊ, सौम्य, आणि त्याला जोडलेलं ‘आगेरे’, म्हणजे करणे. ज्याने कुणी ‘सौम्यीकरण’ घडवला त्याने मुळापर्यंत जाऊन, तुकड्याला तुकडा जुळवून घडवलाय. ‘सौम्य’ हा शब्दही तसा देखणा. सोम म्हणजे चंद्र, त्याच्यासारखं ते सौम्य. शब्दावरचा माझा राग गेला. पण आपल्या जिभेवर तो अजून बसलेला नाही, हे म्हणणं कायम आहे. ‘राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी’ असं निधीचं नावच असेल तर ते तसंच ठेवायचं, नावाला हात लावायचा नाही. बाकी मजकुरात मोकळं व्हायचं.

आता तुमची चार प्रकरणं एकेक करून.

पुराचं प्रकरण. आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 मध्ये या शब्दाची व्याख्याच आहे : आपत्तीचा किंवा येऊ घातलेल्या आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्याच्या उद्देशाने योजलेले उपाय. ‘कमी करण्याच्या’ हे शब्द अधोरेखित करा आणि ‘निवारण’वाल्या सहकाऱ्यासमोर ठेवा. इथे मी बहुतेक ठिकाणी ‘पुराची झळ कमी करणे’, ‘पुराने होणारी हानी कमी राखणे’ असं लिहीन. ‘झळ’ खरं तर विस्तवाची, पण आपण महागाईचीही झळ म्हणतो, दुष्काळाचीही म्हणतो. पाण्याला झळ कशी, असं कुणी खवचटपणे विचारलं तर ‘हानी’वर या.

हवामानबदलाचं प्रकरण. इथे खरा खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले अनुवादक पडलेत. हवामानबदलाच्या चर्चेत ‘मिटिगेशन’ म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करणं, किंवा ते वायू शोषून घेणारी जंगलं वगैरे वाढवणं. म्हणजे हात कारणाला घालायचा, परिणामाला नव्हे. परिणामांशी जुळवून घेण्याला तिथे दुसरा शब्द आहे, ‘अडॅप्टेशन’, आपलं अनुकूलन. 2015 च्या पॅरिस करारात दोन्हींची कलमंसुद्धा वेगवेगळी आहेत : उत्सर्जन कमी करण्याचं चौथं, अनुकूलनाचं सातवं. आता गंमत बघा. नदीकाठी पूरभिंत बांधली. आपत्ती खात्याचा माणूस तिला ‘मिटिगेशन’ म्हणणार, हवामानवाला ‘अडॅप्टेशन’ म्हणणार. भिंत तीच! तुमच्या अहवालात ही दोन प्रकरणं पाठोपाठ आहेत. दोन्हींत ‘शमन’ घातलंत, तर पहिल्या प्रकरणात जी भिंत शमन होती ती पुढच्या प्रकरणात अनुकूलन कशी झाली, हे वाचकाला कळणार नाही, आणि दोष तुमच्या माथी येईल. म्हणून ‘शमन’ हा शब्द फक्त हवामानाच्या प्रकरणासाठी राखून ठेवा. तिथे ‘शमन आणि अनुकूलन’ ही जोडी रुळलेली आहे. शब्द पहिल्यांदा येईल तिथे मात्र ‘शमन, म्हणजे उत्सर्जन कमी करणे’ असं फोडून लिहा.

न्यायालयाचा उतारा. इथे ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’साठी वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं ते ‘गुन्ह्याची तीव्रता कमी करणारी परिस्थिती’. वाचायला बरं वाटतं. पण 1980 च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीबद्दल जे सांगितलं ते आठवा : नुसता गुन्हा बघू नका, गुन्हेगारही बघा. त्याचं वय, तो सुधारण्याची शक्यता, हे सगळं त्याच्या बाजूने विचारात घ्यायचं असतं. आता आरोपी विशीतला आहे म्हणून गुन्ह्याची तीव्रता कमी कशी होईल? गेलेला जीव तेवढाच गेलेला आहे. कमी होते ती शिक्षा. म्हणून ‘शिक्षा सौम्य ठरवण्यास अनुकूल परिस्थिती’ असं लिहावं. ‘शिक्षा सौम्य करणारी’ असंही चाललं असतं, पण फाशीची जन्मठेप होते तेव्हाही आपण ‘शिक्षा सौम्य केली’ म्हणतो, आणि ती गोष्ट शिक्षा सुनावून झाल्यानंतरची. ‘ठरवण्यास’ लिहिलं की दोन्हींत गल्लत होत नाही. इथे ‘सौम्य’ शब्द चपखल बसतो, हे तुमच्या मैत्रिणीला आवर्जून सांगा. तिचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही.

कंत्राटाची कलमं. इथे तुम्हाला माझी खळ आठवली पाहिजे. आपला करार कायदा 1872 चा. त्याच्या 73 व्या कलमात नुकसानभरपाईचा हिशेब सांगितलाय आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की करार मोडल्यामुळे झालेली गैरसोय दूर करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते, तेही हिशेबात धरायचे. साध्या भाषेत, समोरच्याने माल पाठवला नाही, बाजारात तोच माल मिळत होता, तरी तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, तर त्या बसण्यातून वाढलेलं नुकसान त्याच्या नावावर घालता येत नाही. तेव्हा ‘नुकसान कमी करणे’पेक्षाही इथे ‘नुकसान वाढू न देणे’ हे नेमकं. झालेलं नुकसान कमी करा असं कायदा म्हणतच नाही. होईल तेवढंच होऊ द्या, त्यात तुमची भर नको, असं त्याचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट, जी मला शब्दांच्या निवडीपेक्षा महत्त्वाची वाटते. ‘शमणे’ आणि ‘शमवणे’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत. वादळ शमतं, ते कुणी शमवत नाही. तहान आपण शमवतो. ‘शमन’ हे नाम वापरलं की कर्ता गडप होतो. दंगलीबद्दल ‘दंगलीचे शमन झाले’ असं कुणी लिहिलं, तर ती आपसूक शमली, की गल्लीतल्या बायकांनी पुढे होऊन शमवली, की पोलिसांनी, याचा पत्ता लागत नाही. सरकारी अहवालांना हे नाम एवढं प्रिय का, याचं कारणही तेच असावं. ‘परिणामांचे सौम्यीकरण करण्यात येईल’ या वाक्यात कोण करील, केव्हा करील, कशाचं करील, यांतलं काहीच नाही. मूळ इंग्रजीत कर्ता असेल तर तो मराठीत शोधून आणा. मूळ इंग्रजीतच नसेल तर तुम्ही घुसडू नका, पण समासात एक प्रश्नचिन्ह करून संपादकांना जरूर दाखवा.

नामांची एवढी ओढ आपल्याला लागावी याचंच मला नवल वाटतं, कारण मराठीत कमी होण्याची क्रियापदं किती आहेत! ताप उतरतो. पूर ओसरतो. सूज ओसरते, पावसाचा जोरही ओसरतो. राग निवळतो, गढूळ पाणीही निवळतं. दुखणं उणावतं. साथ आटोक्यात येते. विषावर उतारा असतो. प्रत्येक संकटाला आपापलं क्रियापद ठरलेलं आहे, आणि ते चुकलं तर शाळेतलं पोरही हसेल. ‘ताप ओसरला’ एक वेळ खपेल, ‘पूर निवळला’ म्हणून बघा! इंग्रजीतल्या एका शब्दापुढे ही सगळी क्रियापदं कपाटात बंद करून ठेवायची, आणि वर मराठीत शब्दच नाहीत म्हणायचं.

पर्यावरणाचे अहवालही पुढेमागे तुमच्याकडे येतील, म्हणून एवढं टिपून ठेवा. तिथे प्रकल्पाची हानी आधी टाळायची, टाळता येत नाही ती कमी करायची, झाली ती जमीन वा पाणी शक्य तितकं पूर्ववत करायचं, आणि तरीही जे उरेल त्याची दुसरीकडे भरपाई करायची, असा पायऱ्यांचा क्रम असतो. या चारही पायऱ्यांना मिळून ‘निवारणाचे उपाय’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. चौथ्या पायरीवर हानी पुरती झालेली असते आणि कागदावर तिचं निवारण!

---

प्रश्न : आमच्या संस्थेतर्फे वाहनचालकांसाठी फलक लावायचे आहेत. ‘हेल्मेट वापरा, अपघात टाळा’ हे घोषवाक्य ठरले आहे. एका सभासदाने ‘टाळा’ला हरकत घेतली आहे. ही हरकत फारच बारीक नाही का?

उत्तर : बारीक आहे आणि रास्त आहे. हेल्मेटने अपघात टळत नाही. अपघात टळतो तो वेग आवरल्याने, ब्रेक ठीक असल्याने, वळणावर पुढे न घुसल्याने. हेल्मेटचं काम अपघात झाल्यावर सुरू होतं. मोटरसायकलस्वारांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो. आकडे भक्कम आहेत, पण शंभर नाहीत. ‘टाळा’ म्हटलं की शंभरचा भास होतो.

आणि एक तोटा आहे. ‘हेल्मेट घातलंय ना, मग अपघात टळला’ असं समजून गाडी दामटणारे असतातच. घोषवाक्यात ‘डोकं वाचवा’ घ्या. ‘वाचवणं’ हे क्रियापद आघात गृहीत धरतं. यमक जुळवायचा मोह मात्र आवरा, फलकांवरचं मराठी यमकापायीच निम्मं बिघडलंय.

---

प्रश्न : मी परिचारिका आहे. आमच्या विभागाच्या पाटीवर ‘पॅलिएटिव्ह केअर’साठी ‘परिहारक सेवा’ लिहावे की ‘उपशामक सेवा’, यावर चर्चा चालू आहे. मला स्वतःला दोन्ही शब्द रुग्णांच्या नातेवाइकांसमोर उच्चारायला अवघड वाटतात. ‘उपशामक’ म्हटले की ते विचारतात, म्हणजे आता काही होणार नाही का?

उत्तर : दोघांत निवडायचाच असेल तर ‘उपशामक’. ‘परिहार’ म्हणजे दूर करणं, टाळणं. आपण आरोपांचा परिहार करतो, श्रमपरिहार करतो, आणि त्यानंतर आरोप किंवा श्रम उरू नयेत अशी अपेक्षा असते. तुमच्या विभागात त्रास कमी होतो, पण आजार उरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ‘वेदनाशामक’ हा शब्द लोकांच्या तोंडात आहेच, त्यामुळे ‘शामक’ अगदीच परका वाटणार नाही. (पाटी रंगवणाऱ्याला ‘श्यामक’ लिहू देऊ नका. श्याम म्हणजे काळा. औषधांच्या दुकानावर हे पाहिलंय म्हणून सांगते.)

इंग्रजी शब्दाचं मूळ ‘पॅलियम’, म्हणजे रोमन लोक पांघरत तो झगा. दुखण्यावर पांघरूण घालणं, असा त्यामागचा भाव. पांघरुणाने थंडी जात नाही, माणसाला ती कमी वाजते. हे चित्र मला शमनापेक्षाही जवळचं वाटतं, पण ‘पांघरूण घालणे’ मराठीत चुका लपवण्याला म्हणतात, तेव्हा पाटीवर ते नको.

आता तुमची खरी अडचण. नातेवाईक तसं विचारतात, त्यात चूक शब्दाची नाही. ‘उपशामक’ ऐकून त्यांना ‘आता इलाज थांबला’ असं वाटतं, आणि ही समजूत खरी नाही. ही सेवा बरं करण्याच्या उपचारांबरोबरही चालू शकते, आणि ती फक्त शेवटच्या दिवसांपुरती नसते. तेव्हा पाटीवर ‘उपशामक सेवा’ असू द्या, पण त्याखाली लहान अक्षरांत ‘दुखणं, धाप, मळमळ, घाबरेपणा कमी करण्यासाठी’ असं लिहा. आणि तोंडाने बोलताना पाटी वाचून दाखवूच नका. “आजीचा त्रास कमी करायचा आहे, त्यासाठी मी आले आहे,” एवढं म्हणा. मी स्वतः खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असताना एका सिस्टरनी मला अगदी असंच सांगितलं होतं. तिथे सगळे उपचार चालू होते की थांबले, हे मी त्या क्षणी विचारलंसुद्धा नाही. आईचा त्रास कमी होणार एवढंच कानात शिरलं, आणि तेवढंच तेव्हा हवं होतं.

---

प्रश्न : आमचे आजोबा अग्निशमन दलाची गाडी दिसली की हसून म्हणतात, “आगीचा यम चालला!” ‘शमन’ म्हणजे यम असे ते सांगतात. यात काही तथ्य आहे, की नेहमीची कोटी?

उत्तर : कोटी आहेच, पण पक्क्या पायावर. अमरकोशात यमाची नावं दिलीत, त्यांत धर्मराज, कृतांत यांच्याबरोबर ‘शमन’ हेही आहे. जो सगळ्यांना शांत करतो तो शमन. धातू तोच, तहान शमवणारा. मराठीत हा अर्थ उतरला नाही हे आपलं नशीब, नाहीतर ‘हवामानबदलाचे शमन’ वाचून लोकांनी वेगळंच काही समजून घेतलं असतं.

आजोबांना पुढच्या वेळी विचारा, ‘प्रशमन शुल्क’ हा शब्द कधी ऐकलाय का. अनधिकृत बांधकाम नियमांत बसवून घेण्यासाठी भरायची रक्कम असते ती. तिथे नेमकं काय शमतं, इमारत, नियम की तक्रार करणारा शेजारी, यावर ते काही बोलले तर मला नक्की कळवा.